सिलिकॉनच्या पट्टीत प्रकाश अडवताना: नॅनोबीम कॅव्हिटीची आखणी, घडण आणि मोजणी

सिलिकॉनच्या ज्या अरुंद पट्टीतून प्रकाश वाहतो, त्या वेव्हगाइडमध्ये ठरावीक अंतरावर छिद्रांची ओळ पाडली की तरंगलांबींचा एक पट्टा तिच्यातून पुढे जाऊ शकत नाही, तो परत फिरतो. त्या ओळीच्या मध्यावर छिद्रांचे माप विचारपूर्वक बदलले, तर त्याच पट्ट्यातील एका तरंगलांबीचा प्रकाश तेथे काही काळ अडकून राहतो आणि मग दोन्ही टोकांनी हळूहळू निसटतो. याला पुस्तकी मराठीत अनुस्पंदन म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे रेझोनन्स म्हणतात आणि पुढे मीही तोच शब्द वापरणार आहे. ज्याला किंवा जिला आपली पहिली चिप बनवून घ्यायची आहे आणि ज्यांना विद्युतचुंबकत्वाची पदवीपातळीवरील ओळख आहे, अशा वाचकासाठी ही कृती लिहिली आहे. रचना एकच घेतली आहे, ती म्हणजे छिद्रांची नॅनोबीम कॅव्हिटी. मात्र तिच्यातील बराचसा भाग कडांना दाते पाडलेल्या ब्रॅग ग्रेटिंगलाही जसाच्या तसा लागू पडतो.

क्यू किती हवा, ते आधी ठरवावे

बहुतेक विद्यार्थी आराखड्यापासून सुरुवात करतात आणि जास्तीत जास्त क्यू कसा मिळेल याच्या मागे लागतात. हे आधी कळस मग पाया असे होते. क्यू म्हणजे रेझोनन्सची तरंगलांबी भागिले शिखराची अर्ध्या उंचीवरील रुंदी. १५५० नॅनोमीटरला क्यू १ लाख असेल, तर शिखराची रुंदी १५.५ पिकोमीटर येते आणि प्रकाश कॅव्हिटीत सरासरी ८२ पिकोसेकंद राहतो. ऐकायला हे फारच चांगले वाटते. परंतु सेकंदाला १० गिगाबिटांचा संदेश गाळून घ्यायचा असेल, तर किमान १० गिगाहर्ट्झची रुंदी लागते, म्हणजे क्यू २० हजारांच्या आतच ठेवावा लागतो. त्याहून अरुंद शिखर संदेशाच्याच कडा कापू लागते. याउलट अपवर्तनांकातला सूक्ष्म बदल पकडणारा संवेदक करायचा असेल, तर मोठा क्यू खरोखर उपयोगी पडतो.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की कॅव्हिटीतून प्रकाशाला बाहेर पडायला दोन वाटा असतात. एक वाट टोकाच्या छिद्रांमधून वेव्हगाइडकडे जाते. ती आपण मुद्दाम ठेवलेली असते. दुसरी वाट नकोशी असते: वर-खाली सुटणारा प्रकाश, भिंतींच्या खडबडीतपणामुळे विखुरणारा प्रकाश आणि शोषला जाणारा प्रकाश. पहिल्या वाटेच्या क्यूला जोडणीचा क्यू आणि दुसऱ्या वाटेच्या क्यूला अंतर्गत क्यू म्हणू. मोजमापात दिसणाऱ्या एकूण क्यूचा व्यस्तांक हा या दोघांच्या व्यस्तांकांची बेरीज असतो. प्रकाश एका टोकाने आत येऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडत असेल आणि दोन्ही टोके सारखी असतील, तर शिखरावर पार होणारा अंश म्हणजे एकूण क्यू भागिले जोडणीचा क्यू, या गुणोत्तराचा वर्ग.

हे सूत्र कागदावर चालवून पाहावे. अंतर्गत क्यू १ लाख आहे असे धरू. जोडणीचा क्यू १० हजार ठेवला, तर एकूण क्यू सुमारे ९,१०० येतो आणि जवळपास ८३ टक्के प्रकाश पार होतो. आरसे, म्हणजे प्रकाश परत फिरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांच्या ओळी, आणखी मजबूत करून जोडणीचा क्यूही १ लाख केला, तर एकूण क्यू ५० हजार होतो आणि पार होणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे ६ डेसिबलची घट होते. हाव धरून जोडणीचा क्यू १० लाखांवर नेला, तर एकूण क्यू जेमतेम ९१ हजारांवर पोहोचतो आणि शिखर मात्र जवळपास २१ डेसिबल खाली बुडते. छिद्रे वाढवत गेल्याने क्यू दुप्पटही झाला नाही आणि प्रकाश शंभरात एक भागाहूनही कमी उरला. अति तेथे माती म्हणतात ती हीच.

मग अंतर्गत क्यू किती धरावा? साध्या, छिद्रे नसलेल्या वेव्हगाइडमध्ये सेंटिमीटरला २ डेसिबल ऱ्हास होत असेल आणि ग्रुप इंडेक्स (प्रकाशाचा स्पंद निर्वातापेक्षा किती पट मंद चालतो तो आकडा) ४.२ असेल, तर गणिताने ही मर्यादा सुमारे ३.७ लाख येते. छिद्रांमुळे खडबडीत भिंती वाढतात, म्हणून पहिल्या चिपसाठी १ लाख हा आकडा धरून चालणे मला शहाणपणाचे वाटते, आणि जोडणीचा क्यू त्याच्या एक दशांश ते निम्मा या टप्प्यात ठेवावा.

पट्टी, ऑक्साइड आणि पिच

सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेफरवर २२० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉनचा थर असतो आणि त्याच्याखाली साधारण २ मायक्रोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड असतो. १५५० नॅनोमीटरला सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ आणि ऑक्साइडचा १.४४ असतो. या प्रचंड तफावतीमुळेच प्रकाश अर्धा मायक्रोमीटर रुंदीच्या पट्टीत मावतो, आणि भिंतीवरचा दोन-तीन नॅनोमीटरचा खडबडीतपणाही महागात पडतो तो याच तफावतीमुळे.

पिच, म्हणजे एका छिद्राच्या केंद्रापासून पुढच्या छिद्राच्या केंद्रापर्यंतचे अंतर, ब्रॅगच्या अटीवरून ठरते: तरंगलांबी बरोबर दोन गुणिले परिणामी अपवर्तनांक गुणिले पिच. ऑक्साइडने वेढलेल्या ५०० नॅनोमीटर रुंद पट्टीचा परिणामी अपवर्तनांक २.४४ च्या जवळपास असतो, त्यामुळे दातेरी ग्रेटिंगची पिच ३१८ नॅनोमीटरच्या आसपास येते. छिद्रांच्या पट्टीत सिलिकॉनचा काही भाग काढून टाकलेला असल्याने परिणामी अपवर्तनांक उतरतो. तो भरून काढण्यासाठी पट्टी अधिक रुंद घेतात. हवेत अधांतरी ठेवलेल्या पट्टीसाठी ७०० नॅनोमीटर रुंदी आणि ३३० नॅनोमीटर पिच हा प्रस्थापित आरंभबिंदू आहे आणि पुढची उदाहरणे मी त्यावरच बेतली आहेत. ७०० नॅनोमीटर रुंदीत एकाहून अधिक मोड, म्हणजे प्रकाशक्षेत्राचे ठरावीक आकार, मावतात, म्हणून प्रकाश आणणारे वेव्हगाइड ५०० नॅनोमीटरच ठेवावे आणि कॅव्हिटीच्या अलीकडे काही मायक्रोमीटर लांबीच्या टेपरने हळूहळू रुंद करावे.

पट्टीखालचा ऑक्साइड काढायचा की ठेवायचा, हा निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. खाली ऑक्साइड आणि वर हवा अशी अर्धवट स्थिती सर्वात वाईट, कारण वरची-खालची सममिती मोडल्याने आडव्या आणि उभ्या ध्रुवीकरणाचे मोड एकमेकांत मिसळतात आणि प्रकाश गळतो. एक तर पट्टी पूर्ण अधांतरी ठेवावी, नाही तर वरूनही ऑक्साइडचा थर द्यावा. ऑक्साइडने वेढलेली रचना हाताळायला दणकट असते; परंतु तिच्यासाठी सगळी मापे नव्याने काढावी लागतात, हवेतील मापे तशीच उचलली तर रेझोनन्स लांब तरंगलांबीकडे सरकतो.

छिद्रांचे माप कसे बदलावे

१९९७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या पट्टीत एकसारखी छिद्रे पाडून आणि मध्ये थोडी अधिक जागा सोडून रेझोनन्स दाखवला. त्याचा क्यू सुमारे २६५ होता. तेव्हा कमी पडला तो आरशांचा मऊपणा: मोकळी जागा संपून जेथे छिद्रे अचानक सुरू होतात, तेथे प्रकाशाच्या क्षेत्राला झटका बसतो आणि त्या झटक्यात त्याचा काही भाग पट्टीबाहेर फेकला जातो. २००३ मध्ये क्योटोतील सुसुमु नोदा यांच्या गटाने द्विमितीय रचनेत मोकळ्या जागेच्या टोकाची फक्त दोन छिद्रे किंचित बाहेर सरकवून क्यू ४५ हजारांवर नेला आणि प्रकाश घट्ट कोंडायचा असेल तर त्याला हळुवार अडवावे लागते, हे तत्त्व मांडले. पट्टीसाठी याच तत्त्वाची सोपी कृती पुढे हार्वर्डमध्ये मार्को लोंचार यांच्या गटाने दिली: पिच सर्वत्र एकच ठेवावी, मध्ये वेगळी मोकळी जागा ठेवूच नये आणि छिद्रांचे क्षेत्रफळ मध्यापासून टोकाकडे वर्गाच्या प्रमाणात घटवत न्यावे. असे केल्याने आरशाची ताकद मध्यापासून जवळजवळ सरळ रेषेत वाढते आणि क्षेत्राचा आलेख घंटेच्या आकाराचा, म्हणजे गाउसीय होतो. अशा आलेखात पट्टीबाहेर निसटू शकणारे घटक फारच थोडे असतात.

आकडे असे. छिद्राचे क्षेत्रफळ भागिले पिच आणि पट्टीची रुंदी यांचा गुणाकार, या गुणोत्तराला भरण-अंश म्हणू. मध्याजवळच्या पहिल्या छिद्रासाठी तो ०.२ घ्यावा आणि शेवटच्या छिद्रासाठी ०.१. आपल्या मापांत पहिल्या छिद्राची त्रिज्या १२१.३ नॅनोमीटर आणि शेवटच्याची ८५.७ नॅनोमीटर येते. पहिली दोन छिद्रे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या पिचवर असतात, म्हणजे मध्यरेषा सिलिकॉनमधून जाते आणि क्षेत्र तेथेच कमाल असते. प्रत्येक बाजूला २० छिद्रे घेतल्यास कितव्याही छिद्राचा भरण-अंश काढण्यासाठी त्याच्या क्रमांकातून १ वजा करावा, आलेल्या संख्येला १९ ने भागावे, भागाकाराचा वर्ग करून त्याला ०.१ ने गुणावे आणि ते ०.२ मधून वजा करावे.

मध्याकडे छिद्रे मोठी आणि टोकाकडे लहान, हे अनेकांना उलटे वाटते. सिलिकॉनमध्ये क्षेत्र साठवणारा मोड घेतला आहे म्हणून हे असे आहे. मोठ्या छिद्रांमुळे मध्यावर या मोडची वारंवारता वर चढते आणि ती टोकाकडील लहान छिद्रांच्या निषिद्ध पट्ट्यात, म्हणजे ज्या वारंवारता तेथून पुढे जाऊ शकत नाहीत त्या पट्ट्यात, जाऊन बसते. मध्यावर जी वारंवारता चालते, ती टोकाकडे चालत नाही, म्हणून प्रकाश अडकतो. छिद्रे उलट क्रमाने लावली, तर टोकाकडे वाट मोकळीच राहते.

संगणकावरील तपासणी

आधी एकाच आवर्ताची, म्हणजे एक छिद्र असलेल्या ३३० नॅनोमीटर लांबीच्या तुकड्याची गणना करावी. एमआयटीत तयार झालेली एमपीबी ही मोफत प्रणाली यासाठी पुरेशी आहे. भरण-अंश ०.२ आणि ०.१ या दोन्हींसाठी, जेथे तरंगसदिश आवर्ताच्या कडेला पोहोचतो तेथील निषिद्ध पट्ट्याच्या खालच्या आणि वरच्या कडेच्या वारंवारता काढाव्यात. पहिल्या तुकड्याची खालची वारंवारता हीच साधारण रेझोनन्सची वारंवारता असते. ती हव्या त्या जागी नसेल तर पिच त्याच प्रमाणात बदलावी. दुसऱ्या तुकड्याच्या निषिद्ध पट्ट्यात ती नीट मधोमध पडते का, हे पाहावे. कडेला पडत असेल तर आरसा दुबळा राहील. ही सगळी गणना साध्या लॅपटॉपवर होते, आणि ती टाळून थेट पूर्ण रचनेवर उडी मारणाऱ्यांचे आठवडे वाया जाताना मी पाहिले आहेत.

त्यानंतर पूर्ण रचनेची त्रिमितीय गणना मीपसारख्या प्रणालीत करावी. एका पिचमागे २० बिंदू घेतले तर जाळीचे घर १६.५ नॅनोमीटरचे होते. शेजारच्या दोन छिद्रांच्या त्रिज्यांतील फरक एका नॅनोमीटरहूनही कमी असू शकतो. तो या घरात मावतो कसा, ही शंका रास्त आहे. मीप घराच्या आतील अपवर्तनांकाची सरासरी काढते, म्हणून तो फरक हरवत नाही. ही सोय बंद केली तर निकालांवर विसंबू नये. मध्यावर आडव्या विद्युतक्षेत्राचा छोटा स्पंद सोडावा, स्रोत बंद झाल्यावर उरलेले क्षेत्र कसे विरते ते नोंदवावे आणि विरणाऱ्या संकेताचे विश्लेषण करणाऱ्या हार्मिन्व्ह या प्रणालीने त्यातून वारंवारता व क्यू काढावेत. तीनही सममिती लावल्या तर गणना एक अष्टमांशावर येते. मात्र एक गणना लांबीच्या दिशेची सममिती काढूनही करून ठेवावी. तिचे महत्त्व मोजणीच्या वेळी कळते, आणि मला ते चांगलेच महागात पडून कळले.

संगणकातील एकूण क्यूवर समाधान मानू नये. कॅव्हिटीभोवती पेटी कल्पून तिच्या प्रत्येक बाजूतून किती ऊर्जा बाहेर जाते ते मोजावे. दोन टोकांतून जाणारा वाटा जोडणीचा क्यू देतो, उरलेला वाटा प्रारणाचा क्यू देतो. प्रारणाचा क्यू दहा लाखांच्या वर गेला की तो वाढवण्याचा नाद सोडावा. हार्वर्डच्या गटाने २००९ मध्ये अशा पट्टीत साडेसात लाखांचा क्यू मोजून दाखवला आणि २०११ मध्ये गणनेने ५ अब्जांची रचना मांडली. रचना वेगवेगळ्या असल्या, तरी या दोन आकड्यांमधील दरीत खडबडीतपणा आणि शोषण किती भरलेले असते याचा अंदाज येतो. आपल्या हातातले काम जोडणीचा क्यू नेमका करणे हे आहे, आणि तो टोकाला भरण-अंश ०.१ चीच काही छिद्रे वाढवून वा माप बदलत जाणाऱ्या छिद्रांची संख्या कमी करून साधतो.

आराखडा: जाळीचा सापळा

आराखडा जीडीएस स्वरूपात द्यावा लागतो आणि त्यासाठी केलेआउट ही मोफत प्रणाली उत्तम आहे. येथे एक सापळा आहे. आपल्या सूत्राने पहिल्या पाच छिद्रांच्या त्रिज्या १२१.२७, १२१.१८, १२०.९३, १२०.५१ आणि ११९.९२ नॅनोमीटर येतात; म्हणजे पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकूण घट १.३५ नॅनोमीटरची. शेवटच्या दोन छिद्रांत मात्र एकदम ४.३ नॅनोमीटरचा फरक असतो. आराखड्याची जाळी ५ नॅनोमीटरची ठेवली, तर पहिली पाचही छिद्रे हुबेहूब एकसारखी होतात आणि पुढे उतार येण्याऐवजी पायऱ्या येतात. ज्या हळुवारपणासाठी सगळा खटाटोप केला तोच निघून जातो आणि पडद्यावर पाहताना काहीही वावगे दिसत नाही. म्हणून जाळी १ नॅनोमीटरची ठेवावी, वर्तुळ किमान ६४ बिंदूंच्या बहुभुजाने काढावे आणि बिंदू जाळीवर बसल्यानंतर प्रत्येक बहुभुजाचे क्षेत्रफळ छोट्या स्क्रिप्टने मोजून सूत्राशी ताडून पाहावे. बिंदू अनेक असल्याने पूर्णांकनाच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात आणि क्षेत्रफळ त्रिज्येपेक्षा अधिक अचूक बसते. रेझोनन्सलाही मुख्यतः क्षेत्रफळाशीच कर्तव्य असते.

एकच कॅव्हिटी काढून चिप पाठवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दोन दिशांनी प्रती काढाव्यात. एका दिशेने सर्व छिद्रांच्या त्रिज्या २-२ नॅनोमीटरने कमी-जास्त कराव्यात, कारण घडणीत छिद्रे आराखड्यापेक्षा लहान-मोठी होणारच. दुसऱ्या दिशेने टोकाची जादा छिद्रे ०, २, ४, ६, ८ अशी वाढवावीत. प्रत्येक गटाशेजारी कॅव्हिटी नसलेले, पण ग्रेटिंग कपलर (फायबरमधला प्रकाश चिपवर उतरवणारी आणि परत उचलणारी खाचांची रचना) आणि टेपर तेच असलेले एक साधे वेव्हगाइड ठेवावे. हे संदर्भ-वेव्हगाइड नसेल, तर शिखर किती डेसिबल खाली आहे हे सांगताच येत नाही, आणि वरची सगळी गणिते अधांतरी राहतात.

घडण

या टप्प्यावर बहुतेकांचा थेट हात नसतो, म्हणून थोडक्यात. ८७ नॅनोमीटरची भिंत दोन छिद्रांमध्ये उरत असल्याने इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी हाच पहिल्या चिपसाठी योग्य मार्ग आहे. १९३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने छापणाऱ्या फाउंड्रीत, म्हणजे चिप बनवून देणाऱ्या कारखान्यात, इतके बारीक आकार एक तर नियमात बसत नाहीत, नाही तर कोपरे गोल होऊन येतात. दातेरी ग्रेटिंगचे चौकोनी दाते तेथे गुळगुळीत होतात आणि परावर्तनाचा पट्टा गणनेपेक्षा अरुंद निघतो. अनेकांच्या आराखड्यांसाठी एकच वेफर वाटून देणाऱ्या सेवा परदेशात आहेत, उदाहरणार्थ साउदम्प्टन विद्यापीठातील कॉर्नरस्टोन. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनो-फॅब्रिकेशन सुविधा आयएनयूपी या केंद्र शासनाच्या उपक्रमातून बाहेरच्या संशोधकांसाठीही खुल्या केल्या गेल्या. चिप हाती आली की ऑक्साइड काढण्यापूर्वी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रांचे व्यास मोजून घ्यावेत. छिद्रे अपेक्षेपेक्षा मोठी असतील, तर रेझोनन्स आखूड तरंगलांबीकडे सरकलेला सापडेल.

मोजणी

तरंगलांबी बदलता येणारा लेसर, ध्रुवीकरण नियंत्रक, दोन फायबर, शोधक आणि चिपखाली तापमान स्थिर ठेवणारी पेल्टिए पट्टी एवढी सामग्री लागते. सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो आणि रेझोनन्स अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकतो. क्यू १ लाख असेल तर ०.२ अंशाच्या बदलानेच शिखर स्वतःच्या रुंदीइतके सरकते. वातानुकूलन यंत्र सुरू-बंद होण्याचा परिणाम आलेखावर दिसतो, ही अतिशयोक्ती नव्हे.

आधी संदर्भ-वेव्हगाइडवर फायबर जुळवून ध्रुवीकरण असे फिरवावे की जास्तीत जास्त प्रकाश पार होईल, आणि मग नियंत्रकाला हात न लावता कॅव्हिटीकडे यावे. कॅव्हिटीवर थेट जुळवणी करू नये, कारण निषिद्ध पट्ट्यात जवळजवळ काहीच पार होत नाही आणि आपण अंधारात चाचपडत राहतो.

माझ्या पहिल्या चिपवर मी लेसरची पायरी ५० पिकोमीटर ठेवून १०० नॅनोमीटरचा पट्टा तपासला. एक रुंद, देखणे शिखर दिसले. क्यू सुमारे ६ हजार आला. अपेक्षा लाखाची होती. घडण बिघडली असे ठरवून मी आठवडाभर छिद्रांच्या भिंतींची छायाचित्रे काढत बसलो. प्रत्यक्षात ते शिखर दुसऱ्या मोडचे होते. या रचनेत मूळ मोड सर्वात आखूड तरंगलांबीला असतो आणि पुढचे मोड क्रमाने लांब तरंगलांबीकडे येतात. ते अधिक पसरलेले असल्याने टोकांतून जास्त गळतात आणि त्यांची शिखरे रुंद व ठळक असतात. मूळ मोडचे शिखर १५ पिकोमीटर रुंद होते, ते माझ्या ५० पिकोमीटरच्या पायऱ्यांमधून निसटले होते. संगणकात लांबीच्या दिशेची सममिती लावल्यामुळे दुसरा मोड गणनेत उमटलाच नव्हता, म्हणून तो ओळखूही आला नाही. तेव्हा आधी जाड पायरीने रुंद शिखरे शोधावीत, सममिती काढलेल्या गणनेशी त्यांच्यातील अंतरे ताडून पाहावीत आणि मूळ मोड जेथे अपेक्षित आहे तेथील दोन-तीन नॅनोमीटरचा पट्टा १ पिकोमीटर किंवा त्याहून लहान पायरीने तपासावा.

खोटी शिखरेही भेटतात. दोन ग्रेटिंग कपलरांमधील परावर्तनामुळे संपूर्ण आलेखावर तरंग उठतात. कपलरांमध्ये १ मिलिमीटर अंतर असेल, तर हे तरंग सुमारे ०.२९ नॅनोमीटरच्या अंतराने येतात आणि एकेकट्याकडे पाहिले तर त्यांचा क्यू १० हजारांच्या आसपासचा भासतो. ते ओळखायचे कसे? ते नियमित अंतराने येतात आणि संदर्भ-वेव्हगाइडवरही दिसतात. रेझोनन्स तसा कधी येत नाही.

लेसरची शक्ती कमी ठेवावी. १५५० नॅनोमीटरचा एक फोटॉन ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो आणि सिलिकॉनचा ऊर्जा-अंतराळ १.१२ आहे, म्हणून एकटा फोटॉन शोषला जात नाही. परंतु कॅव्हिटीत प्रकाश इतका दाटतो की दोन फोटॉन एकदम शोषले जाऊ लागतात, पट्टी तापते आणि शिखर लांब तरंगलांबीकडे झुकून करवतीच्या दात्यासारखे होते. अशा शिखराची रुंदी मोजून काढलेला क्यू निरर्थक असतो. शक्ती निम्मी करून पुन्हा मोजावे. शिखराचा आकार आणि जागा बदलत नसेल, तोपर्यंतच त्या आकड्यावर विसंबावे. अधांतरी पट्टीत उष्णता बाहेर पडायला वाट कमी असल्याने हा त्रास फार लवकर सुरू होतो, कधी कधी मायक्रोवॉटच्या पातळीवरच.

आता आलेखातून दोन्ही क्यू वेगळे करावेत. डेसिबलमधील आलेख आधी साध्या प्रमाणात बदलावा, संदर्भ-वेव्हगाइडच्या आलेखाने भागावा आणि मगच लोरेंट्झ वक्र बसवावा; डेसिबलमध्येच वक्र बसवणे ही नेहमीची चूक आहे. समजा शिखर १५५२.४० नॅनोमीटरला आहे, रुंदी ३१ पिकोमीटर आहे आणि उंची संदर्भापेक्षा ६ डेसिबल खाली आहे. एकूण क्यू ५० हजार झाला. पार झालेला अंश ०.२५, त्याचे वर्गमूळ ०.५. एकूण क्यूला या वर्गमुळाने भागले की जोडणीचा क्यू मिळतो आणि १ मधून हे वर्गमूळ वजा करून येणाऱ्या संख्येने भागले की अंतर्गत क्यू मिळतो. येथे दोन्ही १ लाख आले.

हेच टोकाच्या ०, २, ४, ६ आणि ८ जादा छिद्रांच्या पाचही प्रतींवर करावे आणि छिद्रांच्या संख्येसमोर दोन्ही क्यू लॉग प्रमाणात मांडावेत. जोडणीचा क्यू सरळ रेषेत चढायला हवा, अंतर्गत क्यू आडवा राहायला हवा. अंतर्गत क्यूही छिद्रांबरोबर चढताना दिसला, तर बहुधा संदर्भाची जुळवणी चुकली आहे, फायबर पुन्हा जुळवून मोजावे. जोडणीची रेषा गणनेच्या रेषेला समांतर पण खाली असेल, तर टोकाची छिद्रे आराखड्याबरहुकूम आलेली नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले व्यास गणनेत घालून ती पुन्हा चालवावी. दोन्ही रेषा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अलीकडची छिद्रसंख्या पुढच्या चिपसाठी घ्यावी.